बोटीचा नवा पंखा कसा पारखावा

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि हर्णे, मिरकरवाडा, देवगड, मालवण अशा बंदरांवर बोटींची डागडुजी याच दिवसांत उरकली जाते. जुना पंखा, म्हणजे प्रोपेलर, झिजला असेल किंवा दोराजाळ्यांत अडकून वाकला असेल, तर नवा घेण्याचा निर्णयही तेव्हाच होतो. हा निर्णय बहुधा पंख्याची चकाकी, त्याचे वजन आणि विकणाऱ्यावरचा विश्वास यांवर घेतला जातो. विश्वासाला मोल आहे. परंतु चकाकी आणि वजन यांवरून पंख्याच्या गुणवत्तेविषयी फारच थोडे कळते. ओतकाम वाईट असले तरी पॉलिशच्या चाकावर ते चमकतेच, आणि हबमध्ये, म्हणजे पाती जोडलेल्या मधल्या भागात, जास्तीचा धातू ओतला की वजनही वाढते.

पंख्याची गुणवत्ता मुख्यतः दोन गोष्टींत असते. त्याची सगळी पाती एकमेकांसारखी असली पाहिजेत आणि ती सगळी मागणीत ठरलेल्या मापांची असली पाहिजेत. धातू, पृष्ठभाग, शाफ्टवरची बैठक यांचे महत्त्व आहेच, पण बोट थरथरते का, इंजिन दमते का आणि डिझेल वाया जाते का, हे बऱ्याच अंशी या दोन गोष्टींवर ठरते. या दोन्ही गोष्टी मोजता येतात, आणि त्यासाठी लागणारी साधने कोणत्याही बऱ्या वर्कशॉपमध्ये मिळू शकतात.

हबवर सहसा दोन आकडे आणि एक अक्षर कोरलेले असते. ‘३० × २०’ असे लिहिले असेल तर पहिला आकडा व्यास आणि दुसरा पिच, दोन्ही इंचांत. अक्षर फिरण्याची दिशा सांगते : बोटीच्या मागे उभे राहून पाहिल्यावर बोट पुढे जाताना पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल, तर तो उजव्या हाताचा. व्यास टेपने मोजता येतो, दिशा डोळ्यांनी दिसते. पिच मात्र दिसत नाही, आणि सगळी गुंतागुंत तिथेच आहे. लाकडात स्क्रू एक फेरा फिरला की ठरावीक अंतर आत जातो, त्याप्रमाणे पंखा एका फेऱ्यात पाणी न सरकता जेवढा पुढे गेला असता, ते अंतर म्हणजे पिच.

समजा, इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेत आहे आणि गिअरबॉक्सचे प्रमाण ३ : १ आहे, म्हणजे शाफ्ट मिनिटाला ६०० फेरे फिरतो. २० इंच पिच म्हणजे ५०८ मिलिमीटर. ६०० फेऱ्यांत हा पंखा सुमारे ३०५ मीटर पुढे जायला हवा, म्हणजेच तासाला सुमारे ९.९ सागरी मैल, अर्थात ९.९ नॉट. प्रत्यक्षात बोट ७ नॉटने धावत असेल तर राहिलेला २९ टक्के भाग ‘स्लिप’ आहे. पाणी घन नसल्यामुळे स्लिप असतेच आणि ती असल्याशिवाय पंख्याला रेटा मिळत नाही, म्हणून स्लिप दिसली की पंखा वाईट, असे मानू नये. ट्रॉल, म्हणजे बोटीमागे ओढायचे जाळे, वापरणाऱ्या बोटीत तर ते पाण्यात असताना वेग अगदी कमी आणि स्लिप खूप जास्त असते. म्हणूनच अशा बोटीला मोठ्या व्यासाचा व कमी पिचचा पंखा लागतो, तर रिकामे अंतर वेगाने कापणाऱ्या बोटीला तुलनेने अधिक पिच लागतो. शेजाऱ्याच्या बोटीला चांगला चाललेला पंखा आपल्या बोटीला तसाच चालेल, ही समजूत त्यामुळे अनेकदा महागात पडते.

आता हबवर कोरलेला २० हा आकडा पात्यांवर खरोखर उतरला आहे का, हे तपासायचे. पंख्याची दाबाची बाजू, म्हणजे बोट पुढे जाताना पाण्याला मागे रेटणारी बाजू, वर येईल अशा रीतीने पंखा सपाट टेबलावर ठेवावा. हबची खालची बाजू लेथवर भोकाशी काटकोनात कापलेली असेल तरच हे मोजमाप खरे ठरते, म्हणून आधी ते गुण्याने पाहून घ्यावे. हबच्या भोकात घट्ट बसणारा सरळ दांडा उभा करावा, त्याच्यावर फिरणारा आडवा हात बसवावा आणि त्या हातावर मध्यापासून त्रिज्येच्या ७० टक्के अंतरावर खोली मोजणारी पट्टी लावावी. ३० इंची पंख्यात हे अंतर २६७ मिलिमीटर येते. याच कामासाठी तयार उपकरणही मिळते, त्याला पिचमीटर म्हणतात. हात एका जागी धरून पात्याच्या पृष्ठभागापर्यंतची खोली टिपावी, मग तो नेमका ३० अंश फिरवून पुन्हा खोली टिपावी. दोन्हींतील फरकाला १२ ने गुणले की पिच मिळते, कारण पूर्ण फेऱ्यात ३० अंशांचे १२ भाग असतात. आपल्या उदाहरणातील ५०८ मिलिमीटर पिचसाठी हा फरक ४२.३ मिलिमीटर भरायला हवा.

मोजताना १ मिलिमीटर चूक झाली तर पिचमध्ये १२ मिलिमीटर, म्हणजे सुमारे २.४ टक्के, चूक होते. म्हणून शिवणकामाची टेप आणि अंदाज यांच्या भरवशावर हे काम होत नाही. व्हर्निअर किंवा निदान अर्धा मिलिमीटर नीट दाखवणारी पोलादी पट्टी हवी आणि प्रत्येक माप दोनदा घ्यावे. हेच मोजमाप त्रिज्येच्या ५० आणि ९० टक्के अंतरांवरही करावे. काही पंख्यांत मुळाशी किंवा टोकाशी पिच मुद्दाम कमी ठेवलेला असतो, त्यामुळे एकाच पात्यावर वेगवेगळ्या त्रिज्यांचे आकडे वेगळे निघाले म्हणून पंखा नाकारायचे कारण नाही. एकाच त्रिज्येवर एका पात्याचा आकडा दुसऱ्या पात्यापेक्षा वेगळा निघाला, तर मात्र तो दोषच समजावा.

किती फरक चालतो, यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. आयएसओ ४८४ हे त्याचे नाव, आणि त्याचा दुसरा भाग ०.८० ते २.५० मीटर व्यासाच्या पंख्यांसाठी आहे. त्यात अचूकतेचे चार वर्ग आहेत : एस, एक, दोन आणि तीन. संपूर्ण पंख्याच्या सरासरी पिचमध्ये एस वर्गात अर्धा टक्का, पहिल्या वर्गात पाऊण टक्का, दुसऱ्यात एक टक्का आणि तिसऱ्यात तीन टक्के कमीजास्त चालते. एकेका पात्याच्या सरासरीसाठी या मर्यादा अनुक्रमे पाऊण, एक, दीड आणि चार टक्के आहेत. आपला ३० इंची पंखा ७६२ मिलिमीटरचा असल्याने तो या मानकाच्या मर्यादेच्या किंचित खाली येतो. तरीही मागणी देताना ‘अचूकता दुसऱ्या वर्गाची हवी’ असे लिहून देता येते आणि तसे लिहून द्यावेच, असे माझे ठाम मत आहे. त्यामुळे पुढे वाद झाला तर ‘चांगला’ आणि ‘वाईट’ या शब्दांऐवजी आकड्यांवर बोलता येते. मासेमारीच्या बोटीला एस वर्गाची गरज नसते, तो खर्च वेगवान किंवा अत्यंत शांत चालणाऱ्या नौकांना शोभतो. तिसऱ्या वर्गात मात्र एका पात्याला ४ टक्के अधिक आणि दुसऱ्याला ४ टक्के कमी पिच असू शकते, आणि दिवसचे दिवस सलग चालणाऱ्या इंजिनामागे असा पंखा लावू नये.

एका पात्याचा पिच जास्त असला की ते पाते इतरांपेक्षा अधिक पाणी रेटते. रेट्याचा मध्य मग शाफ्टच्या मध्याशी जुळत नाही आणि प्रत्येक फेऱ्याला शाफ्टला एक बाजूचा हिसका बसतो. ६०० फेऱ्यांवर हे सेकंदाला दहा वेळा घडते. स्टर्न ट्यूबचे, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर नेणाऱ्या नळीचे, बेअरिंग, तिथून पाणी आत येऊ न देणाऱ्या ग्लँडचे पॅकिंग आणि गिअरबॉक्स यांची झीज यातून वाढते, आणि दोष मात्र बहुतेक वेळा इंजिनाच्या फाउंडेशनला किंवा अलाइनमेंटला दिला जातो. पंखा वजनाने अगदी काटेकोर तोललेला असला तरी पिचमधील असमानतेमुळे तो थरथरतोच. ‘बॅलन्स करून दिला आहे’ हे उत्तर म्हणूनच अर्धे आहे.

पिच मोजताना आणखी तीन मापे लगेच घेता येतात. एका स्थिर खुणेसमोरून पंखा फिरवून सगळ्या पात्यांची टोके एकाच उंचीवरून जातात का, हे पाहावे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची अंतरे मोजावीत. ७६२ मिलिमीटरच्या तीन पात्यांच्या पंख्यात प्रत्येक अंतर ६६० मिलिमीटर यायला हवे, आणि पाते एका अंशाने सरकले असेल तर त्यात सुमारे ३.३ मिलिमीटरचा फरक दिसतो. शेवटी प्रत्येक पात्याची रुंदी ठरावीक त्रिज्यांवर मोजून ताडून पाहावी. ओतकामाच्या साच्यात चूक झाली असेल तर ती या मापांत उघड होते.

तोल पाहण्यासाठी पंखा गुळगुळीत दांड्यावर चढवून दोन धारदार, समतल पट्ट्यांवर किंवा हलक्या रोलरवर ठेवतात. तो कोणत्याही स्थितीत थांबला पाहिजे. दरवेळी तेच पाते खाली येत असेल तर ते जड आहे. थोडासा फरक क्षुल्लक वाटतो, म्हणून हिशेब मांडून पाहणे उपयोगी ठरते. ३० इंची पंख्याच्या टोकाशी ५० ग्रॅम जास्त असले, तर ६०० फेऱ्यांवर सुमारे ७५ न्यूटन, म्हणजे साडेसात किलो वजनाइतका, ओढा फिरत राहतो. आणि फेरे दुप्पट झाले की तो चौपट होतो. तोल साधण्यासाठी धातू कुठून काढला आहे, हेही पाहावे. चांगला कारागीर पात्याच्या पुढच्या, म्हणजे ओढीच्या बाजूवरून, मोठ्या भागावर पसरून थोडा थोडा धातू घासतो. टोक छाटलेले किंवा कडा एकाच जागी पातळ केलेली दिसली, तर तोल साधताना आकार बिघडवला आहे असे समजावे.

धातूच्या बाबतीत बाजारातील नावे फसवी आहेत. ‘मँगनीज ब्राँझ’ नावाने विकला जाणारा धातू खरे तर बळकट पितळ असते : त्यात सुमारे ५२ ते ६२ टक्के तांबे, ३५ ते ४० टक्के जस्त आणि थोडे मँगनीज, लोखंड, ॲल्युमिनियम असते. ‘निकेल ॲल्युमिनियम ब्राँझ’मध्ये सुमारे ८० टक्के तांबे, त्याखेरीज ॲल्युमिनियम, निकेल व लोखंड असते आणि जस्त जवळजवळ नसते. जहाजांची बांधणी व दर्जा तपासून प्रमाणित करणाऱ्या वर्गीकरण संस्थांच्या नियमांत हे धातू अनुक्रमे ‘सीयू १’ आणि ‘सीयू ३’ या दर्जांत येतात. भारतात हे काम करणाऱ्या, १९७५ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगचे मुख्यालय मुंबईतच आहे. मँगनीज ब्राँझची किमान ताणशक्ती चौरस मिलिमीटरला ४४० न्यूटन, तर निकेल ॲल्युमिनियम ब्राँझची ५९० धरली जाते. खाऱ्या पाण्यात पितळातील जस्त हळूहळू निघून जाते, तिथे तांबूस, ठिसूळ डाग उरतात आणि पाते आतून पोखरले जाते. निकेल ॲल्युमिनियम ब्राँझमध्ये हा धोका नाही, पण ते महाग असते आणि त्याचे ओतकाम व वेल्डिंग अधिक कौशल्याचे असते. उथळ पाण्यात वारंवार टेकणाऱ्या छोट्या बोटीला चांगल्या प्रतीचा मँगनीज ब्राँझचा पंखा पुरेसा असतो, कारण तो वाकला तरी सहज सरळ करता येतो. ॲनोड, म्हणजे पंख्याऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे, वेळेवर बदलले तर तो बरीच वर्षे टिकतो.

दोन्हींतला फरक ओळखण्याची एक साधी रीत आहे. पंखा हवेत तोलावा, मग दोराने टांगून पूर्णपणे गोड्या पाण्यात बुडवून तोलावा. हवेतील वजनाला दोन्ही वजनांतील फरकाने भागले की धातूची घनता मिळते. मँगनीज ब्राँझची घनता सुमारे ८.३ आणि निकेल ॲल्युमिनियम ब्राँझची सुमारे ७.६ असते. ५० किलोचा पंखा पाण्यात पहिल्या धातूत सुमारे ६ किलोने, तर दुसऱ्या धातूत सुमारे ६.६ किलोने हलका होतो, आणि एवढा फरक चांगल्या वजनकाट्यावर स्पष्ट दिसतो. भंगार वितळवून ओतलेल्या मिश्र धातूची खात्री मात्र एवढ्याने होत नाही. त्यासाठी त्याच वितळीतून ओतलेल्या चाचणीपट्टीचे प्रमाणपत्र मागावे, त्यावरचा हीट क्रमांक, म्हणजे वितळीचा क्रमांक, हबवर ठोकलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावा, आणि शंका असेल तर हातात धरायच्या विश्लेषक यंत्राने धातूचे घटक तपासून घ्यावेत.

रंग लावलेला नवा पंखा तपासल्याशिवाय घेऊ नये. ओतकामातील वायूचे फुगे आणि धातू आक्रसल्याने पडलेल्या पोकळ्या अनेकदा वेगळ्या धातूने झाळून किंवा पुटी भरून, वर पॉलिश करून झाकल्या जातात. झाळलेला भाग किंचित वेगळ्या रंगाचा दिसतो, पुटी टोकदार सुईने उकरते. बारीक छिद्रे कुठे आहेत यावर त्यांचे गांभीर्य ठरते. पाते रेट्यामुळे पुढे वाकू पाहते, त्यामुळे दाबाच्या बाजूला मुळाजवळ सर्वांत जास्त ताण येतो, आणि वर्गीकरण संस्था या भागात वेल्डिंगने दुरुस्ती करायला सहसा परवानगी देत नाहीत. तिथे शंकास्पद रेघ दिसली तर डाय पेनिट्रंट चाचणी करावी : लाल द्रव फवारून काही मिनिटे मुरू द्यायचा, पृष्ठभाग पुसून पांढरा डेव्हलपर फवारायचा, भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. साहित्य वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळते. पंखा दोराने टांगून प्रत्येक पात्यावर लाकडी हातोड्याने हलके ठोकण्याची जुनी रीतही उपयोगी आहे. स्वच्छ, लांबणारा नाद आला म्हणजे भेग नाहीच असे सिद्ध होत नाही, परंतु एखादे पाते बद्द वाजले तर तो पंखा पुढे तपासल्याशिवाय घेऊ नये.

आता चकाकीकडे वळू, कारण तिचाही एक खरा उपयोग आहे. पॉलिश केलेल्या पात्यावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडेल असे धरून ते हळूहळू फिरवावे; प्रतिबिंब सलग सरकले तर पृष्ठभाग समतोल वळणाचा आहे, ते तुटक, नागमोडी झाले तर ग्राइंडरने खोलगट लाटा पाडल्या आहेत. खरखरीतपणाची मर्यादा मानकात एस वर्गासाठी ३ मायक्रॉन आणि पुढच्या वर्गांसाठी ६, १२ व २५ मायक्रॉन आहे. माझ्या अनुभवात पृष्ठभागापेक्षा कडांकडे लक्ष देणे अधिक फलदायी ठरते. पाणी कापत जाणारी पुढची कड सगळ्या पात्यांवर सारख्या गोलाईची असावी. ती कुठे बोथट, कुठे चपटी असेल तर तिच्यामागे दाब एकदम घसरतो, पाणी नेहमीच्याच तापमानाला उकळून वाफेचे बुडबुडे होतात आणि ते फुटताना धातूला खड्डे पाडतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. चार्ल्स पार्सन्स यांच्या १८९४ सालच्या ‘टर्बिनिया’ या बोटीला टर्बाइनची प्रचंड ताकद असूनही सुरुवातीला अपेक्षित वेग गाठता आला नव्हता, तो याच कारणाने. शाफ्ट आणि पंख्यांची रचना बदलल्यावर तिने ३० नॉटच्या पुढे मजल मारली. मागच्या कडेला वळण, म्हणजे कप, दिले असेल तर ते सर्व पात्यांवर सारखेच असले पाहिजे, कारण कपामुळे पिच वाढल्यासारखा परिणाम होतो.

भोकाची बैठक ही शेवटची, पण सर्वांत धोक्याची बाजू. शाफ्टचा टेपर, म्हणजे टोकाकडचा निमुळतेपणा, १ : १०, १ : १२ किंवा १ : १६ असू शकतो आणि पंख्याचा टेपर नेमका तोच हवा. शाफ्टच्या टेपरवर निळ्या रंगाचा अगदी पातळ थर लावून पंखा चढवावा आणि काढून पाहावा; निळा डाग निदान ७० टक्के भागावर, तोही दोन्ही टोकांकडे सारखा उमटला पाहिजे. केवळ एका टोकाला टेकलेला पंखा झुलत राहतो आणि शाफ्ट तोडतो. ही परीक्षा आधी ‘की’शिवाय, म्हणजे पंखा आणि शाफ्ट एकमेकांत अडकवणाऱ्या धातूच्या पट्टीशिवाय, करावी, मग ती ‘की’ घालून, आणि दोन्ही वेळी पंखा टेपरवर एकाच खुणेपर्यंत चढला पाहिजे. की घातल्यावर तो अलीकडेच थांबला, तर तो टेपरवर न बसता कीवर बसला आहे. कीवेचे, म्हणजे ‘की’ बसते त्या खाचेचे, आतले कोपरे किंचित गोल असावेत, कारण धारदार कोपऱ्यातूनच भेग सुरू होते.

एवढे सगळे जुळले तरी पंखा आपल्या बोटीला योग्य आहे की नाही, ते पाण्यातच कळते. तळ शिंपल्यांपासून स्वच्छ करून, डिझेल, बर्फ आणि सामान नेहमीइतके भरून चाचणी घ्यावी. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाने निर्मात्याने सांगितलेले कमाल फेरे गाठले पाहिजेत. ते गाठता येत नसतील आणि काळा धूर येत असेल तर पिच किंवा व्यास जास्त आहे. ते सहज ओलांडले जात असतील तर कमी आहे. ट्रॉल ओढणाऱ्या बोटीने ही नोंद जाळे पाण्यात असतानाही घ्यावी. वेग जीपीएसवर, एकदा प्रवाहाच्या दिशेने आणि एकदा विरुद्ध दिशेने मोजून सरासरी काढावी, नाहीतर भरती-ओहोटीचा वेग पंख्याच्या खात्यात जमा होतो. फेरे थोडेसेच चुकत असतील तर अनुभवी कारागीर पात्यांना पीळ देऊन पिच काही टक्क्यांनी बदलू शकतो, परंतु तो बदल प्रत्येक पात्यावर सारखाच व्हायला हवा, म्हणून त्यानंतर पिचचे मोजमाप आणि तोल ही दोन्ही कामे पहिल्यापासून पुन्हा करून घ्यावी लागतात.